इंदूवैनीचा कौल

भागाकार करताना शेवटचा आकडा खाली उतरवायला मी विसरले. एवढीच माझी चूक. चौथीतल्या पोरीनं केली असती तर गुरुजींनी कान पिळून सोडून दिलं असतं. मी केली तेव्हा माझं लग्न होऊन तीन वर्षं होत आली होती. मॅट्रिकला गणितात छत्तीस गुण मिळवून पास झाल्याचा ताठा अंगात होता. आणि माझ्या त्या भागाकारावर शेजारची एक बाई सासर सोडून निघून गेली.

तिचं नाव इंदुमती. मी तिला इंदूवैनी म्हणायची.

पाटणच्या अलीकडं आमचं गाव. तिच्या सासरची आणि आमची भिंत एकच. तिकडं भाकरी थापली की इकडं आमच्या फळीवरच्या कपबशा वाजायच्या. ती माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. उंच, सडसडीत, आणि चालताना ओठ हलायचे. मला वाटायचं, रामरक्षा म्हणते. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाली पावलं मोजते. चुलीपासून परसातल्या आडापर्यंत एकेचाळीस. आडाच्या पलीकडं जायची तिला मुभा नव्हती. पाणी तिथंच, धुणं तिथंच, आणि दुपारी दोन घटका टेकायची ती आडाच्या कठड्यालाच.

"एकेचाळीसला कुणाचाच भाग जात न्हाई बघ," ती म्हणाली. "मधी कुठं सारखं अंतर ठेवून थांबावं म्हटलं तर सोय न्हाई."

मी हसले. मला तेव्हा कशालाही हसू यायचं. वेणीला लाल रिबीन होती आणि अक्कल त्या रिबिनीच्या गाठीएवढी.

माणसांनाही ती आकडे द्यायची. मी चोवीस. का, तर म्हणे, "तुझ्यात दोन शिरतो, तीन शिरतो, चार, सहा, आठ, बारा, सगळे तुझ्या घरात चहा पिऊन जात्यात. कुणाला न्हाई म्हणायचं तुला ठाऊकच न्हाई." मला ते कौतुक वाटलं. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की मी चोवीस आहे. तो बिचारा म्हणाला, लग्न ठरवताना तर अठरा सांगितलं होतं.

वैनी सांगलीची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, गणित घेऊन, तेवढ्यात मिलिटरीतलं स्थळ आलं आणि वडलांनी लावून दिलं. नवरा लग्नानंतर वीस दिवस राहिला आणि पलटणीत गेला तो गेलाच. तिकडं उत्तरेत कुठं त्यानं दुसरा संसार मांडला होता. गावात सगळ्यांना ठाऊक, आणि बोलत कुणी नव्हतं. तिची सासू, हौसाकाकी, तर बोलणाऱ्याची जीभ हासडली असती. काकीचं म्हणणं एकच होतं. सून या घरात आहे तोवर लेकाचं घर आहे, आणि घर आहे तोवर तो कधी ना कधी येणार. शेळी बांधून वाघाची वाट बघावी तसा प्रकार. फक्त इथं शेळीला वैरणपाणी, लुगडंचोळी सगळं वेळेवर मिळत होतं, त्यामुळं तक्रार कशाची करायची तेही कळत नव्हतं.

त्याचं पत्र दोन-तीन महिन्यांनी यायचं, आईच्या नावानं. काकीला वाचता येत नव्हतं. वैनी उंबऱ्यात बसून वाचून दाखवायची. म्हशीची चौकशी असायची, चुलत्याच्या गुडघ्याची असायची. वाचून झालं की काकी दर वेळी विचारायची, "तुझं काय लिवलंय?"

"काय न्हाई लिवलं, आत्याबाई."

माझ्यासमोर हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी तिला आडावर गाठून म्हटलं, वैनी, एखादं वाक्य आपल्या पदरचं घालावं की, 'इंदू बरी आहे ना' एवढंच. म्हातारीला काय कळतंय? ती माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मी बादलीत शेण कालवून आणलंय. म्हणाली, "नसल्यालं वाचायचं कसं?" तिला खोटं बोलणं येतच नव्हतं. उगवतीला मावळती म्हणायला सांगितलं असतं तर जीभ अडखळली असती.

दर भाऊबीजेला तिचा भाऊ अप्पा सांगलीहून न्यायला यायचा. कॉलेजात पुन्हा घेतील, दोन वर्षांचं शिक्षण पुरं कर, पुढं शाळेत लागशील, असं सांगायचा. आणि दर वर्षी हौसाकाकी म्हणायची की आपण देवाला विचारू. आमच्या गावात मोठं काही ठरवायचं तर देवाला कौल लावायची चाल होती. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलाची पाकळी चिकटवायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तीन वर्षं लावला, तिन्ही वर्षं डावी पडली. अप्पा एस.टी.त एकटा बसून परत गेला.

तिसऱ्या वर्षी वैनी देवळात नीट बघत उभी होती. परत आल्यावर मला म्हणाली की गुरव डावी पाकळी नुसती टेकवतो आणि उजवी अंगठ्यानं दाबतो. मी म्हटलं, मग सांगा की तसं सगळ्यांना. तर म्हणाली, सांगून काय होणार, आणि खरं सांगू का, पाकळी उजवी पडली असती तरी आपलं पाऊल उचललं असतं का, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. जायचं तर नवऱ्यानं टाकलेली, राहायचं तर नवऱ्यानं बांधलेली. दोन्हींतलं एक आपल्या तोंडानं म्हणायचं बळ तिच्यात नव्हतं. म्हणून तिनं वेगळा कौल लावायचं ठरवलं. ज्याला नारळ देता येत नाही अशा कुणाला तरी विचारायचं.

तिनं एक संख्या घेतली. १२३४५६७८९१. एकापासून नऊपर्यंत ओळीनं आकडे, आणि मग पुन्हा एक. एक अब्ज, तेवीस कोटी, पंचेचाळीस लाख, सदुसष्ट हजार, आठशे एक्क्याण्णव. हीच का, म्हणून मी विचारलं होतं. म्हणाली, नऊ घरं हिंडून पुन्हा पहिल्याच दारात येती, म्हणून बरी वाटली. या संख्येला जर कुणाचा पूर्ण भाग गेला, बाकी शून्य उरली, तर जायचं. आणि कुणाचाच नाही गेला, तर राहायचं.

तिला वाटलं होतं, एवढी अगडबंब संख्या, कुणीतरी आत शिरेलच की. चार-आठ दिवसांत होऊन जाईल.

दोन गेला नाही, ते दिसतंच. तीन गेला नाही, आकड्यांची बेरीज सेहेचाळीस. पाच, सात, अकरा, तेरा, कुणी नाही. मी म्हटलं, चार राहिला, सहा राहिला. तेव्हा तिनं मला समजावलं की दोनालाच ज्या घरात घेतलं नाही तिथं चार कसा जाईल, तो दोनाच्याच पोटचा. म्हणून ज्यांना स्वतःला कुणाचा भाग जात नाही, तेवढ्यांनाच विचारायचं. आणि कुठपर्यंत विचारायचं, तर पस्तीस हजार एकशे छत्तीसपर्यंत. कारण दोन संख्यांनी मिळून एवढं ओझं उचललं असेल तर त्यातली धाकटी तेवढ्याच्या आतलीच असणार. दोघीही त्याहून थोरल्या असत्या तर ओझं याहून जास्त भरलं असतं. हे मला तिसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं. पहिल्या दोन वेळा नुसती मान डोलावली.

तर असे साडेतीन हजारांवर भागाकार. कॅलेंडरच्या पाठीमागं, सिमेंटच्या पिशव्यांच्या कागदावर, पेन्सिलीचं बोटाएवढं थोटूक धरून ती दुपारी आडापाशी बसायची. कधी रोज एखादा, कधी दोन दिवसांत एक. हौसाकाकीला वाटलं सून लेकासाठी जप लिहिते. ती गावभर सांगायची, "आमची इंदू देवाचं लिवती. त्यो कागुद देवाचाच." वैनीनं तिला कधी होय म्हटलं नाही आणि कुणी विचारलं नाही म्हणून नाहीही म्हटलं नाही. गावातल्या टवाळांना मात्र वेगळाच वास आला. एकदा एक मटकेबाज परसाच्या कुंपणापलीकडून हळूच विचारून गेला, "वैनी, उद्याचा आकडा काय निघतोय?" वैनीनं खाली मान घालून सांगितलं, "दोन हजार सातशे एकोणीस." तो हिशेब लावत निघून गेला.

एक खोड तिची फार मोठी. कुठलंही गणित दाखवा, ती आधी शेवटचा आकडा बघायची. गावच्या शाळेतले गुरुजी एकदा काकीच्या ओसरीवर चहाला आले होते. पोरांच्या परीक्षेसाठी मोठमोठे गुणाकार करून आणले होते, उत्तरांसकट. कागद नातेवाइकांत फिरत फिरत आतल्या दाराशी आला. वैनी दाराआड उभी, डोक्यावर पदर. कागदावर नजर टाकली आणि दाराआडूनच म्हणाली, चौथं चुकलंय. गुरुजी हसले. मग चहा निवेपर्यंत पुन्हा मांडत बसले आणि निघताना चपला उलट्या घालून गेले. मी विचारलं, एवढ्या लवकर केलात कसा गुणाकार? ती म्हणाली, "केलाच न्हाई. दोघांचे शेवटचे आकडे गुणायचे. शेपूट जुळलं तरच पुढची म्हैस बघायची."

पहिलं वर्ष गेलं. त्या भाऊबीजेलाही गुरवाची डावीच पडली आणि अप्पा एकटा परत गेला. दुसरं सरत आलं. तीन हजारांच्या पुढच्या आकड्यांना विचारायला लागली तरी एकाचाही भाग जाईना. तिचं बोलणं कमी झालं. पूर्वी पावलं मोजताना ओठ हलायचे, तेही थांबले. एका दुपारी पेन्सील ठेवून ती म्हणाली, "गुरवाची पाकळी तरी एका सकाळीत पडायची गं. हे मी माझ्या हातानं बांधून घेतलं." मी म्हटलं, मग सोडून द्या, दुसरी संख्या घ्या, चांगली चोवीससारखी. त्यावर ती हसलीसुद्धा नाही. एकदा लावलेला कौल उत्तर आल्याशिवाय उठवायचा नसतो, हे तिच्या सासूचंच म्हणणं होतं, आणि ते तिला पटलेलं होतं. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. भाकरी थापल्याचा आवाज, काकीची हाक, "आलेच, आत्याबाई", पुन्हा भाकरी. माझ्या कपबशा वाजायच्या आणि मला उगाच वाटायचं, आपणच त्या फळीवर बसलोय.

दिवाळीच्या आधी तिचा उजवा हात दुधाच्या वाफेनं भाजला. पेन्सील धरवेना. मी पुढं झाले. छत्तीस गुणांची बाई मी, मागं कशी राहणार? चार भागाकार माझे, म्हणून तिनं सांगितले तेवढे आकडे लिहून घेतले. ३५८१, ३५८३, ३५९३, ३६०७.

पहिले तीन मी बरोबर केले, हे मुद्दाम सांगते. चौथ्याला चुलीवर दूध होतं. घाईत संख्या लिहायला घेतली, एक दोन तीन चार पाच सहा सात आठ नऊ, आणि थांबले. शाळेपासूनची सवय, नऊ झाले की हात थांबतो. शेवटचा एक राहिला तो राहिलाच. भाग देत गेले, देत गेले, आणि शेवटी पंचवीस हजार दोनशे एकोणपन्नासातून पंचवीस हजार दोनशे एकोणपन्नास वजा झाले. खाली शून्य. वर भागाकार चौतीस हजार दोनशे सत्तावीस.

दूध उतू गेलं. मी परसातून धावले. पायात चप्पल नाही, पदर कुठंतरी. वैनी आडाच्या कठड्याला टेकून भाजलेल्या हातावर फुंकर घालत होती. "गेला, वैनी. छत्तीसशे सातचा गेला. चौतीस हजार दोनशे सत्तावीस वेळा, बाकी शून्य."

तिनं डाव्या हातानं कागद घेतला. बघितला. बराच वेळ बघितला, असं आता वाटतं. तेव्हा मी धापा टाकत होते. मग विचारलं, "तू स्वतः केलास? कुणी सांगितल्यालं न्हाई?"

"देवाशपथ मीच केला."

तिनं कागदाची चौपदरी घडी घातली आणि चोळीत ठेवली. मग आडापासून घराकडं चालत गेली. ओठ हलत होते.

भाऊबीजेला अप्पा आला. हौसाकाकीनं नेहमीप्रमाणं गुरवाला बोलवायला सांगितलं. तेव्हा वैनी ओसरीवर आली, सगळ्यांदेखत सासूच्या पाया पडली आणि म्हणाली, "कौल लागलाय, आत्याबाई. उजवा. मी निघाले."

"कुणी लावला?"

"मीच लावला. दोन वर्सं लावतीय. तुमीच सांगत हुता न्हवं, त्यो कागुद देवाचा हाय म्हणून."

ओसरीवर दहा माणसं होती आणि दहांच्याही कानावर काकीनं ते घातलेलं होतं. चार वर्षं जिनं कौलाच्या जोरावर सून अडवली, तिला आता कौल मोडता येईना. ती एवढंच म्हणाली, "आडावरची घागर आणून ठिवून मग जा." वैनीनं आणून ठेवली. बेचाळिसाव्या पावलाला ती उंबऱ्याबाहेर होती.

मी त्या आठवड्यात जमिनीवरून चार बोटं वर चालत होते. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गुरुजी आले, तेव्हा शेखी मिरवायला त्यांना सांगितलं. छत्तीसशे सात गुणिले चौतीस हजार दोनशे सत्तावीस करून बघा, एकापासून नऊ आणि पुन्हा एक, अशी अब्जाच्या वरची संख्या येते. गुरुजींनी ओसरीवरच पाटी घेतली. करून झाल्यावर म्हणाले, "वैनी, हे बारा कोटींतच राहिलं की. शेवटचा एक कुठं गेला?"

गुरुजी गेल्यावर मी दार लावून पुन्हा भाग दिला. एक खाली उतरवला. बाकी शून्य नव्हती. बाकी एक.

तिथून पुढं दीड वर्ष माझं काय झालं ते कुणाला ठाऊक नाही. सांगावं तर ती बाई, जिला पत्रातलं एक वाक्य पदरचं घालवत नव्हतं, ती पहिल्या एस.टी.नं परत येऊन चुलीपुढं बसेल. न सांगावं तर खोट्या कौलावर तिला घराबाहेर काढल्याचं पाप माझ्या माथी. भिंतीपलीकडं आता काकी एकटी. थापायची, पण आवाज यायचा नाही, कपबशा वाजायच्या नाहीत. मी रोज तिला कालवण नेऊन द्यायची. गाव म्हणायचं, पोर मायाळू आहे. पत्र आलं की मीच वाचून दाखवायची. काकी आता विचारायची, "इंदूचं काय लिवलंय?" मी म्हणायची, "बरी हाय का म्हणून इचारलंय." माझ्यात कुणीही शिरायचं, तसं खोटंही शिरलं.

परवा नातीला ती संख्या सांगितली. तिनं फोनवर दोन बोटं फिरवली आणि म्हणाली, आजी, ही तर मूळ संख्या आहे, हिला कुणाचाच भाग जात नाही. मी पुन्हा एकदा बघायला लावलं. तेच आलं. म्हणजे वैनी आडापाशी बसून साडेतीन हजार भागाकार पुरे करती, चौदा-पंधरा वर्षं घालवती, आणि शेवटी उत्तर आलं असतं, राहा.

हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मला फक्त माझी चूक ठाऊक होती. दीड वर्षांनी नात्यातल्या लग्नाला सांगलीला गेले आणि अक्षता टाकून जेवण न करताच तिच्या कॉलेजच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. लग्नातली पैठणी अंगावर, नाकात नथ, डोळ्यांत पाणी. येणारी-जाणारी पोरं बघून हसत होती. ती आली. बरोबरच्या मुली तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, आणि त्या घोळक्यात ती सगळ्यात मोठ्यानं बोलत होती. काखेत वह्या, बोटांना शाई. मला बघून थबकली, बाकीच्यांना पुढं पाठवलं. मी तिथंच, फाटकाच्या दगडावर बसून, हुंदके देत सगळं सांगितलं. दूध, नऊ, राहिलेला एक, गुरुजींची पाटी. म्हटलं, वैनी, तुमचा कौल लागलाच नव्हता.

तिनं वही उघडली. पहिल्या पानात माझा तो चौपदरी कागद होता, घडीवर फाटायला आलेला. तो तिनं मांडीवर सरळ केला, बोट सातावर ठेवलं, मग दुसऱ्या सातावर, आणि म्हणाली:

"साती साती एकोणपन्नास. शेवटी नऊ येतो, एक येत न्हाई. कागुद हातात घेतला तवाच बघितलं हुतं गं मी. आता डोळे पूस. उरल्यालं भागाकार चाललेत माझे, त्यातले पाच-पन्नास तू घे. पण शेवटचा एक उतरवत जा."